माळ्यावरची काडी

माळा पाहिल्याशिवाय घर सोडणार नाही, असं मी मुलाला फोनवर सांगितलं. त्याचं म्हणणं, पावसाळ्याआधी कुलूप लावा आणि पुण्याला या. तो माळा कधी डोक्यावर पडेल नेम नाही.

दरवर्षी मे महिन्यात छपराच्या टिनांची भोकं बुजवायचं काम मी आणि बायको करायचो. भर दुपारी ती माळ्यावर जाऊन दार लावून घ्यायची. अंधारात टिनाची भोकं उजेडानं दिसायची. प्रत्येक भोकातून ती खराट्याची काडी वर सारून हलवायची. मी टिनांवर डांबराचा डबा घेऊन बसलेला. खालून आवाज यायचा, "दिसली का जी?" मी म्हणायचो, "दिसली." मग ती काडी ओढून घ्यायची आणि मी डांबरात भिजवलेली चिंधी दाबायचो.

तिच्यामागं माळ्याचं दार आतून लावून मी यंदा पहिल्यांदाच बसलो. वासे पेचकसानं टोचून पाहिले. एका टोकाला वाळवीची माती होती. खरवडली तर खाली लाकूड घट्ट निघालं. कोपऱ्यात उंदरांनी माझ्या जुन्या पुस्तकांचा भुगा केला होता. बाकी सगळं तिनं ठेवलं तसंच होतं. मग वर पाहिलं. सात भोकं. इतकी वर्षं ती हे पाहत होती आणि मला फक्त काड्या माहीत होत्या.

सातही काड्या खोचून मी शिडीनं वर गेलो. सहा सापडल्या; त्या उपसून चिंध्या दाबल्या. प्रत्येक वेळी मी "दिसली" म्हणत होतो, हे शेजारच्या वहिनींनी अंगणातून विचारलं तेव्हा कळलं.

"काऊन गुरुजी, कोनाशी बोलून राह्यले? ऊन लागलं काय?"

"हाव, लागलं थोडं," मी म्हणालो.

सातवं भोक काडीहून जरा मोठं होतं, पण टिनाच्या गंजात वरून दिसेना. काडी त्यात टिकेना. तीनदा खाली उतरून खोचली, तीनदा वर येईपर्यंत पडली.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, "वासे पक्के आहेत. मी इथेच राहतो."

"आणि गळतं का?"

"एका जागी."

"मग भरून घ्या ना, बाबा."

"त्याला दोन माणसं लागतात."

"कोणाला तरी बोलवा."

"बोलावतो," म्हटलं. फोन ठेवला, आणि मोरीतली बादली घेऊन त्या भोकाखाली ठेवून आलो.