वकिलाच्या कोटाची पाठ

आजाऱ्याला भेटायला येऊन आधी भिंतीची नाडी पाहणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच झाला, तो म्हणजे माझ्या जाऊबाईंचा वकील भाऊ. भाडेकरूंचे खटले तो फुकट चालवी. कुणाकडेही गेला की चपला काढायच्या आधी भिंतीला तळवा लावायचा, मग नाक. एका बारशाला तर बाळाला सोडून पाळण्यामागचे पोपडेच सोलत उभा राहिला होता.

रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झालं तेव्हा आम्ही शहराबाहेर बीरगांवला भाड्याच्या खोलीत होतो, जवळच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यात यांची नोकरी. मालकाची गच्चीवरची टाकी आमच्या भिंतीत झिरपे आणि धाकटी पोर खोकून खोकून निळी पडे. डॉक्टर औषधं बदलत होते, मी दृष्ट काढत होते. भाऊनं भिंत हुंगली. "ताई, पोट्टीले काहून औषध पाजून राहिली? आजारी तर ही भिंत आहे!" मालकाला सांगितलं, तर म्हणे, "भाभी, अब राजधानी बन गई है, दिक्कत है तो कमरा खाली कर दो." मी शूर बाई लगेच बोचकं बांधायला बसले! भाऊनं ते सोडून टाकलं. "पोट्टीले घेऊन दुसऱ्या ओलीत जाशील? घर सोडायचं नाही. भिंत मालकालेच दुरुस्त करा लागन."

भाऊनं मालकावर दावा लावला आणि कोर्टाचा माणूस पाहणीला येणार असं ठरलं. आता परका माणूस दारात आणि भिंत ही अशी काळी? माहेरची अब्रू घालवू? आदल्या संध्याकाळी पदर खोचून मी सगळी भिंत चुन्यानं पोतली, वर तोरणही लावलं. सकाळी येताच भाऊनं कपाळ बडवलं. "ताई, पुरावाच पोतला तुनं!" कोर्टाच्या माणसाला भिंत दाखवत मालक मिशीत हसला. "दीवार तो चकाचक है, साहब!" भाऊ मग आपला एकुलता एक काळा कोट घालून भिंतीला पाठ टेकून बसला आणि चहा मागितला. तो चहा इतका वेळ फुंकला, की कोर्टाचा माणूस घड्याळ पाहू लागला. मग उठला आणि गर्रकन पाठ फिरवली. कोट पांढरा, चिंब. "कोरड्या भिंतीवरचा चुना एव्हाना वाळला असता, सायेब."

मालकाला टाकी बदलावी लागली, गिलावा नवा करावा लागला. त्या हिवाळ्यात पोर गल्लीभर धावली आणि न खोकता जेवायला आली. कोटावरचे डाग मात्र कधी गेले नाहीत. भाऊ तेच मिरवत कोर्टात जाई.

आता भाऊ नाही. परवा त्याच पोरीनं समता कॉलनीत घर घेतलं. सगळे फरशी पाहत होते. मी कोऱ्या साडीनिशी भिंतीला टेकून बसले. उठल्यावर पोरीनं माझी पाठ चाचपली. "सूखी है, आई."

हे ऐकायला भाऊ हवा होता.