पडदा फक्त राजा पार्कात होता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटं बोललो. ती गेल्यावर विचारणारं कोणी उरलं नाही, याचं मला बरंच वाटलं. आता वय झालं आणि सबबीही संपल्या.

मी डॉक्टर. मूळचा अकोल्याचा, नोकरीमुळे जयपूरला आलो आणि तिथलाच झालो. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत लठ्ठपणावर बोलणारा डॉक्टर म्हणून माझं नाव झालं होतं. संध्याकाळी राजा पार्कात, शहरातल्या पैसेवाल्या वस्तीत, माझा दवाखाना असे. जवाहिऱ्यांच्या, बिल्डरांच्या बायका यायच्या. वजनकाटा पडद्यामागे होता. आकडा मी हळू आवाजात सांगायचो, "थोड़ा बढ़ा है, भाभीजी. हार्मोन की गड़बड़ है." पैसेवाली बाई कधी जास्त खात नसे. तिचे हार्मोन बिघडत.

रविवारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात मोफत शिबिर. तिथे काटा धर्मशाळेच्या अंगणात, उघड्यावर. कंपाउंडर आकडा ओरडून सांगायचा, कारण लिहून घेणारा लांब सावलीत बसायचा. टेबल काट्याजवळ सरकवावं असं आमच्यातल्या एकाही गाढवाला सुचलं नाही, आणि त्या गाढवांचा प्रमुख मी होतो.

एका रविवारी नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरणारी बाई आली. चाळिशीची असेल. अंगाने जाड, ओढणी कपाळावर ओढलेली, डाव्या पावलाला चिंधी बांधलेली. आल्या आल्या म्हणाली, "डॉक्टर साब, पैर की चोट भर नहीं रही. दिवाली से है."

"पहले काँटे पर चढ़," मी म्हणालो.

कंपाउंडरने आकडा ओरडला. रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "खाते-पीते घर की है, भाई!" त्यावर मी, एवढा शिकलेला माणूस, कडी केली. "घर में सबका हिस्सा तू ही खा जाती है क्या?"

आणखी मोठा हशा. मीही हसलो.

"खाती क्या हूँ साब, नमकीन का चूरा और चाय," ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. ती काट्यावरून उतरली, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर गेली. साखर तपासायचं टेबल पुढचंच होतं. ती चिंधी मी सोडूनही पाहिली नव्हती.

त्या वस्तीत तिच्यासारख्या कितीतरी होत्या. दिवसभर एका जागी बसून काम, दुपारी कारखान्यातला फुकटचा तळलेला चुरा, रात्री रोटी आणि मिरची. डाळ पगार झाल्यावर चार दिवस. अंग वाढत जातं आणि अंगात रक्त नसतं. हे सगळं माझ्या समोर, काट्यावर उभं होतं. तरी महिनाभरात डॉक्टरांच्या सभेत राज्याचा नकाशा भिंतीवर लावून मी छातीठोकपणे सांगितलं, की आपल्या राज्यात लठ्ठपणा हा सुखवस्तूंचा रोग आहे आणि गरिबांचा रोग हडकुळेपणा. वस्तीतल्या त्या जाड बायका मी अपवाद म्हणून वगळल्या होत्या. त्यांच्यामुळे नकाशा विस्कटत होता. टाळ्या पडल्या. मग आम्ही सगळे लठ्ठ डॉक्टर तुपात तळलेलं, पाकात बुडवलेलं घेवर खायला गेलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा तिथेच भरलं. चहा प्यायला बाहेर पडलो, तर शेजारच्या खोलीच्या दारात ती बसली होती. घरी आणलेली पाकिटं चिकटवत होती. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

तिने मला लगेच ओळखलं.

"आइए डॉक्टर साब. अब तोलोगे तो कम निकलेगा."

आणि ती हसली. या वेळी हसणारी ती एकटीच होती.

माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "शुगर की दवा लेती हो ना?"

"लेती हूँ."

मी चहा न घेताच आत गेलो.

घरी बायकोला अर्धं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही पण हसले?" मी म्हणालो, लोक हसले. काही दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन निदान लोकांच्या वतीने तरी माफी मागून या." तिच्या वस्तीकडे जाणाऱ्या सीकर रोडपर्यंत गाडी नेऊन मी कितीदा तरी परत फिरलो. शेवटी त्या दारापर्यंत गेलो, तेव्हा खोलीत दुसरं कुटुंब राहत होतं. ती कुठे गेली, कोणाला ठाऊक नव्हतं.

शिबिरात मी पडदा लावून घेतला. त्याबद्दल माझं कौतुक झालं, शाल मिळाली. पडदा का लावला ते मी कोणालाच सांगितलं नाही. शाल मात्र घेतली.

तिच्यासाठी तयार केलेलं वाक्य अजून तोंडपाठ आहे. ते मी मराठी पुस्तकात लिहितो आहे, जे तिच्या हाती कधीच पडणार नाही. हाही भित्रेपणाच.

"बहनजी, उस दिन मैं भी हँसा था. मुझे आपका पैर देखना चाहिए था."