काकांचा पाळणा आणि गुळाची ढेप

गेवराईत आमचं घर तीन मजली. गावाला त्याचं कौतुक आणि थोरल्या काकांच्या गुडघ्यांना त्याचा जाच. वारा तिसऱ्या मजल्यावरच लागतो, असं काकांचं ठाम मत. गुडघे धरले तेव्हा त्यांनी खाली राहायला येण्याऐवजी चौकात पाळणा बसवून घेतला. हैदराबादेत कुठल्याशा हवेलीत माणसं दोराने वर चढवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

वरच्या तुळईला मोटेचं चाक आणि चाकावरून जाड दोरखंडाचा नाडा. नाड्याच्या एका टोकाला काकांची बाज, दुसऱ्याला काकांच्या वजनाचं शाळूचं पोतं. काका खाली आले की पोतं वर. बाजेला आणि पोत्याला खालून जोडलेला दोर ओढायला एक माणूस पुरे, आणि तो माणूस मी. कुठल्याच कामाचा नसलेल्या पुतण्याला काकांनी पाळण्याचा दरोगा नेमलं. चाकाला एरंडेल घालायचं, नाडा कुठे विरला का ते पाहायचं. सरकारचा तोफखाना ताब्यात असल्यासारखा मी हिंडायचो.

पोत्यात दगडांऐवजी शाळू, कारण टांगलेल्या धान्याला उंदीर लागत नाही. कोठी मधल्या मजल्यावर. तिथून काकूच्या हाताला पोतं यायचं ते काका बरोबर अर्ध्यावर लटकलेले असतानाच. त्यामुळे रोज पाळणा थांबायचा, काकू सूपभर शाळू काढायची आणि काका समोरून म्हणायचे, "झालं का तुमचं? मला वाळत घातलंय हितं." काढलं तेवढं धान्य परत भरणं माझ्याकडे.

काकांच्या मुलीच्या, माझ्या चुलत बहिणीच्या सुपारीला उमापूरचे पाहुणे आले. होणारे व्याही आडव्या अंगाचे. सकाळपासून वर पाहत गप्प बसलेले. सोयरीक मोडते की काय, म्हणून काकूच्या तोंडचं पाणी पळालं. सुपारी मुलीच्या बापाने फोडायची, तीही मुहूर्त टळायच्या आत. काका जरीचा रुमाल बांधून पाळण्यात बसले.

अर्ध्यावर काकूने हात केला. सवयीने मी थांबलो. पुरणाच्या गुळाची ढेप मुंगळ्यांपासून वाचवायला तिने ती अख्खी पोत्यात टाकली. पोतं तिच्या हातातून निसटून खाली निघालं आणि काका वर. मी कसेबसे दोराचे वेढे खांबाला दिले, तेव्हा काका मधल्या सज्ज्यापासून हातभर वर लटकत होते.

"कामून उलटा चालला रे हा?" काका वरून म्हणाले.

"काका, पोतं जड झालंय. तुमी पुन्हा वर जावा, तंवर खाली गूळ काढतो."

"शुभकार्याला निघालेला माणूस मागं फिरत न्हाई."

दोघा पाहुण्यांनी दोर ओढून पाहिला. पण पाहुणे येणार म्हणून मी त्या दिवशी दोरालाही एरंडेल चोळलं होतं. पाहुण्यांचे हात चकाकले, पाळणा जागचा हलला नाही.

तेव्हा व्याही उठले, जिना चढून मधल्या सज्ज्यात गेले आणि पाळण्यात काकांशेजारी जाऊन बसले. बाज करकरली. मी वेढे हळूहळू सोडत गेलो. शेवटचा हातभर मात्र त्यांनी माझ्या परवानगीशिवायच पार केला.

"लागलं तर न्हाई ना?" काकांनी विचारलं.

"छ्या. सकाळपासून बघतोय, लई बसावं वाटत हुतं. पण पोराच्या बापानं मागावं कसं?"

काका इतके हसले की रुमाल सुटला. व्याही उठायला लागले, तशी काकांनी त्यांची मांडी दाबून धरली. "उठू नका. तुमी उतरलात की मी वर." मी दोराला गाठ मारून दाखवली, पण माझ्या गाठीवर त्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता. मग पाट पाळण्यापुढे सरकवला आणि काकांनी बसल्या जागेवरून सुपारी फोडली. काकू तिसऱ्या मजल्यावर जाऊन ढेप काढेपर्यंत दोघं मांडीला मांडी लावून पान खात बसले.

माझी दरोगागिरी शाबूत राहिली. ती घ्यायला दुसरं कुणी पुढेच आलं नाही. लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी आल्या आल्या खाली टेकलेल्या पोत्याचं तोंड सोडून आत ढेप आहे का ते पाहिलं, आणि मगच ते मांडवात गेले.