पाणीवाले काका दुसऱ्या भागात

लग्नाआधी तलासरीला मी आणि माझा धाकटा भाऊ एक गेम खेळायचो. अंतराळात भटकणारं जहाज, त्याची कॅप्टन आपण, आणि कोणाशी काय बोलायचं, कोणाला वाचवायचं हे सगळं आपणच ठरवायचं, असा. खरं तर तो त्या गेमचा दुसरा भाग होता. पहिला आम्ही पाहिलाच नव्हता, कारण भावाच्या मित्राकडे होता तो दुसराच. उलट्या टोकाने सुरुवात करण्यात आमचं घर तसं पटाईत आहे.

जहाजावर एक भिंत होती आणि पहिल्या भागात मेलेल्यांची नावं तिच्यावर कोरलेली होती. त्यातल्या एका नावापाशी उभं राहून बटण दाबलं की कॅप्टन म्हणायची, "याचा चहा भिकार असायचा. आज मिळाला तर बादलीभर पिईन." एवढंच. माणूस कोण, मेला कसा, काही पत्ता नाही. त्या वाक्याने मला काय केलं कुणास ठाऊक, मी दर वेळी भिंतीपाशी जाऊन बटण दाबायची आणि भाऊ करवादायचा, "ताई, तिकडे ग्रह जळतोय, आणि तू चहा कसला पितेस!"

२०१५ साली लग्न होऊन मी डहाणूला आले. घरात नवऱ्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर होता, सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. एका दुपारी मी तो उघडला, तर आत त्याच गेमचा पहिला भाग! मी अशी किंचाळले, की ओटीवर चिकू निवडत बसलेल्या सासूबाई धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

आता खरं सांगायचं तर पहिला भाग दिसायला अगदीच बेंगरूळ. माणसांचे चेहरे मातीच्या बाहुल्यांसारखे, बंदूक नेम सोडून कुठेही लागणार, आणि लिफ्टमध्ये उभं राहिलं की ती इतकी हळू वर जायची की तेवढ्यात मी कुकर लावून यायची. दुसऱ्या भागात सगळं चकाचक, पळापळ, धडाधड. पण पहिल्या भागातल्या माणसांना वेळ होता. खलाशाला "काय म्हणता?" विचारलं की तो खरंच सांगत बसायचा. दुसऱ्या भागात तेच विचारलं की दोन वाक्यं, आणि स्वारी लगेच बंदूक उचलून तयार.

भिंतीवरचा तो माणूस मला इथे भेटला. चार हातांचा, राखाडी कातडीचा म्हातारा. जहाजाच्या पाण्याच्या टाक्या आणि पंप सांभाळायचा आणि सगळ्यांना चहा पाजायचा. सासूबाई चिकूचा क्रेट घेऊन शेजारीच बसायला लागल्या होत्या. गेम इंग्रजीत, त्यामुळे मी मराठी करून सांगायची आणि म्हाताऱ्याला सरळ "काका" करून टाकायची. सासूबाईंनी त्यांचं नाव ठेवलं पाणीवाले.

पाणीवाले भयंकर पाल्हाळीक. एकदा मी कंटाळून त्यांचं बोलणं पुढे ढकलायचं बटण दाबलं, तर सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"वडील माणूस बोलतंय आणि तू मधेच तोडतेस? बरं दिसतं का ते?"

"अहो आई, ते खरे नाहीयेत."

"मग तूही खरी नाहीस त्यांच्यासाठी. म्हणून काय ते तुला चहा देत नाहीत?"

तेव्हापासून पाणीवाल्यांचं एकूण एक बोलणं शेवटपर्यंत ऐकणं आलं. त्यांच्या बायकोचं दुखणं, त्यांच्या गावची गटारं, मागच्या कॅप्टनचा रागीटपणा, सगळं. सासूबाई मान डोलवायच्या आणि मधून मधून "आमच्याकडे पण अस्संच" म्हणायच्या.

नवरा हसायचा. "त्यांच्यात जीव अडकवू नका. शेवटी पाणी भरतं, व्हॉल्व्ह बंद करायला ते आत जातात आणि दार लागतं. मी किती वेळा खेळलोय, ते मरतातच."

त्या शेवटाला आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंचे हात चिकूवर तसेच थांबले होते. पाणी चढलं, काका दाराकडे निघाले, आणि पडद्यावर एक जास्तीचा पर्याय उगवला: जुन्या टाकीमागचा दुसरा व्हॉल्व्ह. गावच्या गटारांच्या त्या रटाळ गोष्टीत काकांनी तो सांगितला होता, आणि पूर्ण ऐकून घेणाऱ्यांनाच तो मिळत होता! मी दाबलं. काका निथळत बाहेर आले. आम्ही दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली की क्रेट कलंडला आणि चिकू पार पलंगाखाली गेले. नवरा घरी आला तर ताटात शिरा. "हे असं कधी झालंच नव्हतं," असं तो जेवताना पुन्हा पुन्हा म्हणत होता. ऐकलं असतंस तर झालं असतं, हे मी तोंडावर सुनावलं.

मग मी बावळटासारखं भिंतीचं सांगून बसले. सासूबाईंचा चेहरा उतरला. "आत्ता तर वाचवलं, आणि पुढच्या भागात मेलेले?"

मी समजावलं. पहिल्या भागाची आपली फाइल दुसऱ्या भागाला दिली, तर तो आपलं ऐकतो. बहुतेक. कदाचित नाहीही. आमच्या कॉम्प्युटरला दुसरा भाग झेपणारा नव्हता, तो तलासरीला भावाच्या लॅपटॉपवरच चालायचा. मे महिन्यात मी माहेरपणाला जाणारच होते. "फोनवर कळवते," म्हटलं.

"फोनवर काय! मी येते."

सून माहेरी निघाली आणि सासू सोबत, असं आमच्याकडे कधी कोणी पाहिलेलं नाही. सासूबाईंनी फाइल भरलेला पेनड्राइव्ह पाकिटात देवीच्या अंगाऱ्याशेजारी ठेवला आणि आम्ही एसटीत बसलो.

दारात आम्हा दोघींना पाहून आईच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला वाटलं, मुलीला परत आणून सोडलं, दुसरं काय! बाबा घाईने सदरा घालायला आत पळाले. पाणी झालं, खुर्ची झाली. शेवटी सासूबाईंनीच तोंड उघडलं, "तुमच्या मुलाचा लॅपटॉप कुठाय?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. लग्नात काही मागितलं नव्हतं, ते आता मागायला आल्या, असं त्यांनी धरलं. त्यांनी मुकाट्याने चार्जर गुंडाळला, लॅपटॉप पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "घेऊन जा विहीणबाई. पोरीला मात्र काही बोलू नका."

मी हसायला लागले ती थांबेचना. आईला वाटलं मला वेड लागलं. सगळा उलगडा होईपर्यंत चहा गार झाला. मग आई पहिल्यांदा मोकळी हसली, पदराने डोळे पुसत आणि मला धपाटे घालत.

भावाने फाइल टाकली. सगळं घर लॅपटॉपभोवती. आधी भिंतीपाशी गेलो. नाव नव्हतं! पण माणूसही कुठे दिसेना. ग्रहामागून ग्रह झाले, दुपार कलली. आणि एका स्थानकावर, पंपांच्या रांगेमागून, चार हात दिसले.

"आव्यो! आव्यो!" सासूबाईंचं माहेर उंबरगावकडचं, आनंद अनावर झाला की त्या गुजरातीत शिरतात.

काका म्हणाले, "कॅप्टन, किती वाळलात हो!" आणि कामाला लागले. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. दुसरा भाग तो दुसरा भागच.

"एवढंच?" सासूबाई हिरमुसल्या. मग भावाकडे वळल्या. "आणि पुढे?"

भाऊ घुटमळला. "पुढे या स्थानकावर हल्ला होतो, मावशी. इथलं फारसं कोणी..."

"मग पुढे जायचंच नाही. इथेच ठेव. माझी शपथ आहे तुला."

जळत्या ग्रहाकडे धावत सुटणारा माझा भाऊ, त्याने खरंच तिथे सेव्ह केलं आणि झाकण मिटलं. नंतर तोच भाग पहिल्यापासून नव्याने मांडला, पण त्या फाइलला हात लावला नाही. सासूबाई दर सणाला त्याला फोन करायच्या आणि आधी पाणीवाल्यांची चौकशी करायच्या, मग त्याची.

२०१९ च्या पावसाळ्यात तो लॅपटॉप गेला, त्यातलं सगळं गेलं. भावाने ते फक्त मला सांगितलं. दिवाळीत फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी विचारलं, "पाणीवाले कसे आहेत रे?"

"मजेत आहेत, मावशी," तो लगेच म्हणाला. "आत्ताच भेटून आलो. बोलत बसले होते, म्हणून तुमचा फोन उचलायला उशीर झाला."