फोटोला भोकं पाडायला निघालेला इंजिनिअर

इक्बालभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याला एका ढाब्याच्या शेडवर पत्रे चढवून घेत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सनाचा. "दत्ताकाका, अब्बू गये..." एवढंच बोलली. मी शिडीवरून खाली उतरलो आणि ढाबेवाल्याला म्हणालो, आज काम बंद. "कावून? काय झालं?" त्यानं विचारलं. या शेडचं डिझाइन ज्यांनी केलं ते इंजिनिअर गेले, असं मी सांगितलं. तो वर पत्र्यांकडे बघत हळूच म्हणाला, "मंग... आता हे टिकंल ना?" मला रडू येत होतं, त्यातच हसू फुटलं. इक्बालभाई असते तर त्यांनी त्याला शेजारी बसवून, चहा मागवून, अख्खं गणित समजावलं असतं.

माझं बीडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लोखंड कापायचं, जोडायचं, उभं करायचं, हे माझं काम. कोणता खांब किती जाड, कोणत्या सांध्याला किती बोल्ट, हे ठरवणं इक्बालभाईंचं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ते गावी परत आले होते, आणि आमच्याकडे तेव्हा शेड नजरेनं बांधायची पद्धत होती. शेजाऱ्याची उभी आहे ना, मग तेवढीच आपली. इक्बालभाई मात्र दर वाक्याला 'कोड' म्हणायचे, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांचं पुस्तक. हे कोडमध्ये बसत नाही, ते कोडला चालत नाही. एकदा गेवराईकडे एका शेतकऱ्याच्या गोदामावर गेलो होतो. "तुमच्या खांबांना कोडाचा प्रॉब्लेम हाय," असं ते बोलून गेले. ओट्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी ते ऐकलं आणि काळजीनं म्हणाल्या, "लेकरा, कोडावर एक लेप हाय बघ. पांढरे डाग जातेत." इक्बालभाई गंभीरपणे म्हणाले, "आजी, लेपानं न्हाई भागायचं. खांबाचा लोखंडी चॅनल बदलावा लागतोय." परत येताना गाडीत मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

त्यांचं खरं वैर वाऱ्याशी. "दत्ता, लोकांना वाटतं छप्पर पडतं. अबे, छप्पर पडत न्हाई, उडतं," असं ते मला कायम सांगायचे. त्यामुळे वजन पेलण्याइतकाच, छप्पर खाली धरून ठेवण्याचा विचार ते करत. हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं महाकठीण. त्यातलं सगळ्यात कठीण गिऱ्हाईक म्हणजे अण्णा.

अण्णा आमच्या भागातले पुढारी. त्यांना गावाच्या तोंडाशी, रस्त्यावर आडवी, लोखंडी कमान हवी होती आणि कमानीवर स्वतःचा फोटो. इक्बालभाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोटो केवढा?" अण्णांनी दोन्ही हात ताणून दाखवले, मग ते पुरेनात म्हणून कार्यकर्त्याला पलीकडे उभं केलं. इक्बालभाई म्हणाले, "अण्णा, तुमच्यामुळे लोड लई वाढतोय." अण्णा खूश. "वाढणारच की! तालुक्यात आपला लोड हायच!" मग इक्बालभाईंनी समजावलं, की एवढा सपाट फोटो शिडासारखा वारा धरतो आणि सगळा ताण खांबांच्या बुडाशी येतो. उपाय साधा होता, वारा आरपार जाऊ द्यायचा. "फोटोला भोकं पाडू."

एका कार्यकर्त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कुठं कुठं?" "सगळीकडं. नाक-डोळे काही सोडायचं न्हाई." पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. फोटो अखंड राहिला, खांब जाड झाले. पण भांडण पेटलं ते बोल्टांवरून. अण्णांना बोल्ट शर्टाच्या गुंड्यांसारखे दिसायचे. सगळं वेल्डिंग करा, गुळगुळीत पाहिजे. इक्बालभाई म्हणाले, एवढ्या उंचीवर, वाऱ्यात लटकून केलेलं वेल्डिंग आतून कसं झालंय हे कोण तपासणार? बोल्ट पाना लावून तपासता येतो. अण्णा चिडले. "नकाशावर सही करा, न्हाईतर बीडमधी काम कसं मिळतं तेच बघतो." इक्बालभाईंनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि उठले. "काम न्हाई मिळालं तर घरी बसंन अण्णा. पण खालून लेकरं शाळेला जाणार हायेत."

आणि खरंच काम आटलं. ठरलेली कामं अचानक पुढं ढकलली जाऊ लागली. माझ्याही वर्कशॉपला झळ बसली. मी एकदा म्हणालो, भाई, करून टाका सही, कोणाला कळतंय? ते रागावले नाहीत. "वाऱ्याला कळतंय ना बे," म्हणाले आणि माझ्या ताटातली भजी उचलली.

मग वळवाच्या वादळात शेजारच्या गावची कमान आडवी झाली. गुळगुळीत वेल्डिंगची. खाली रिकामा टेंपो उभा होता, तो चपटा झाला. माणूस कोणी नव्हतं, पण मागून, थोड्याच अंतरावर, अण्णांची गाडी येत होती. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः इक्बालभाईंच्या दारात. आत येऊन पाणी प्यायले. मग म्हणाले, "बोल्ट लावा. पायजे तेवढे लावा."

कमान उभी राहिली. काही वर्षांनी रस्ता रुंद करायचा ठरला आणि ती काढावी लागली. ठेकेदार गॅसकटर घेऊन आला, तर इक्बालभाई पाना घेऊन हजर. एकेक बोल्ट सोडवत त्यांनी अख्खी कमान न कापता उतरवली आणि तेच लोखंड दिंद्रुडच्या बाजारात भाजीवाल्या बायांच्या शेडला लावलं. फोटोचा पत्रा तेवढा उरला. तो अण्णांनी घरी नेला.

दफनाच्या दिवशी अण्णा आले होते. कब्रस्तानाच्या भिंतीशी माझ्या शेजारी उभे राहून रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "लई हट्टी माणूस. माझ्या डोळ्यांत भोकं पाडाया निघालता..." आणि त्यांना हुंदका आवरेना.

चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, मी इक्बालभाईंच्या घरी गेलो. जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत बसलो होतो. मागच्या अंगणात एक झूला आहे, मीच बनवलेला. सना लहान असताना तिच्या हट्टापायी इक्बालभाईंनी त्याचं डिझाइन केलं. खांब बघून मी म्हणालो होतो, भाई, घरात तुम्ही तिघं, हा तर हत्तीचा झूला झाला. ते म्हणाले, "माणसं नुसती बसत न्हाईत दत्ता. हसतात, उसळतात. हसण्याचा लोड वेगळा धरावा लागतो." पण घर शांत. बहुतेक वेळा इक्बालभाईंच्या पत्नी, आमच्या भाभी, एकट्याच त्यावर बसून मेथी निवडायच्या.

त्या दुपारी भाभींच्या बहिणी, नणंदा, सगळ्या जमल्या होत्या. दाराच्या पडद्याआडून, अंगणातल्या झूल्याच्या बाजूनं, आवाज येत होते. कोणीतरी इक्बालभाईंचा किस्सा सांगितला, बहुधा आजींच्या लेपाचाच, आणि आधी एक जण हसली, मग दुसरी. मग भाभींचं हसू ऐकू आलं, रडून बसलेल्या घशातलं. "अरे, सरको जरा, मुझे भी बैठने दो," कोणी म्हणालं. माझे कान आपोआप झूल्याकडे लागले. लोखंडाचं काम करणाऱ्याची ही खोड. कडी वाजते का, सांधा कुरकुरतो का...

काही वाजलं नाही. त्या सगळ्याजणी हसत होत्या.