लाल बटणात घातलेली काडी

मावशींचा हात स्क्रूमध्ये गेला तेव्हा लाल बटण माझ्या समोर होतं. मी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, मग मुठीनं हाणलं. कंट्रोलच्या खोलीच्या काचेपलीकडे लोखंडी पन्हाळीतला तो पिळाचा दांडा कापूस ओढतो तसा त्यांचा हात ओढत होता. आधी बोटं, मग मनगट. पांढरा कापूस लाल होत होता आणि मी वेड्यासारखा बटणावर गुद्दे मारत होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी लबाडी सांगावी लागेल.

नववीत शाळा सुटली. कोकणातून निघालो आणि कामं शोधत शोधत परभणीला येऊन टेकलो. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक सर पेडगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनींसाठी कंट्रोलच्या पेट्या बनवायचे. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याला त्यांनी प्रोग्राम लिहायला शिकवलं, त्यांच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर मी मुलासारखी खाल्ली. त्यांचं काही बिघडू नये, ही धास्ती मला तेव्हापासून लागली. मी मुळात भित्रा. कडी लावली की परत जाऊन बघणारा.

पेटीत दोन प्रोग्राम असत. एक आमचा, तो यजमान. दुसरा जिनिंगचा मिस्त्री स्वतः लिहायचा: आधी पंखा, मग पट्टा, मग स्क्रू, ज्याची त्याची पद्धत. तो पाहुणा. सर म्हणायचे, "पाव्हण्याला ओसरीवर बसवायचं, च्या पाजायचा. माजघरात येऊ द्यायचं न्हाई. आन उठंना झाला तर उठवायची ताकद आपल्याकडं पायजे."

ती ताकद अशी. पाहुण्याला दर वेळी पाव सेकंदाची मुदत. मिस्त्रीचा प्रोग्राम पेटीत भरतानाच त्याच्या प्रत्येक फेऱ्याच्या, म्हणजे लूपच्या, तोंडाशी आम्ही घड्याळ बघायची सक्ती शिवून टाकायचो, म्हणजे तो स्वतःशीच गरगरत बसला तरी सुटका नाही. मुदत संपली की हुकूम यजमानाकडे. यजमान पाहुण्याला असेल तिथं तोडणार आणि मोटारी बंद करणार.

हंगामात मिस्त्रीचे फोन सुरू झाले. त्याचा प्रोग्राम कधी कधी मुदतीबाहेर रेंगाळायचा, पेटी त्याला तोडायची, मशीन उभं राहायचं आणि पन्हाळीत कापूस तुंबायचा.

"ओ कोकणी भाऊ, तुमची पेटी हाय का नवी नवरी? जरा काय झालं की रुसून बसायलीय!"

मला वाटलं, हे गिऱ्हाईक सरांच्या हातचं जाणार. मी दोन ओळी लिहिल्या: मुदत संपली की नवी मुदत द्यायची. बाकी कशाकडे बघायचं नाही. सरांना बोललो नाही. मशीन थांबायचं बंद झालं. मिस्त्री म्हणाला, "आता कसं! लय झकास."

येलदरीकडे एका विहिरीवर सरांनी मला स्टार्टर दाखवला होता. वरचेवर पडतो म्हणून शेतकऱ्यानं त्यात आगपेटीची काडी खुपसली होती. सर म्हणाले, "यानं मोटारीचा जीव काडीला टांगलाय बघ." मी तेव्हा हसलो होतो.

लाल बटण दाबलं तर त्याची खबर यजमान बघायचा ती पाहुणा परत आल्यावर, नाहीतर मुदत संपल्यावर. माझ्या दोन ओळींनी दुसरी वाट बुजवली. सरांनी बटणाची एक वायर प्रोग्रामला वगळून थेट मेन स्विचला दिली होती. पण मशीनच्या हादऱ्यानं ती सैल व्हायची, लाइट जायची, म्हणून मिस्त्रीनं तिथं तांब्याची तार पिळून जोड मारून टाकला होता; आता बटण दाबलं तरी मेन स्विच पडत नव्हता. त्यानं धरलं, पेटी आहे. मी धरलं, वायर आहे.

त्या दुपारी मी पेटी तपासायला जिनिंगात आलो होतो; सर बाहेर ऑफिसात होते. स्क्रू तुंबला. मिस्त्रीनं बंद करायचा हुकूम दिला. त्याचा प्रोग्राम आधी पंखा थांबवायचा आणि पंखा थांबल्याची खबर आली की स्क्रू. पंखा थांबला, पण खबर देणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यावर रुई बसलेली. पाहुणा विचारतच राहिला, थांबला का, थांबला का. यजमान मुदत देतच राहिला.

पंख्याचा आवाज बंद झाला, म्हणजे मशीन थांबलं असं समजून मावशी पन्हाळीवर वाकल्या. कापूस निवडणाऱ्या बायांमधल्या त्या थोरल्या, पेडगावच्या. पेटी बसवायला आलो त्या पहिल्या दिवसापासून त्यांनी मला आपल्यातली अर्धी भाकर दिली होती. "भात खाऊन अंगात काय राहतंय रे तुज्या?" त्यांनी तुंबलेला बोळा उपसला, आणि अडकून बसलेला स्क्रू मोकळा होऊन फिरला.

त्यांचा पुतण्या गाडीतून कापूस उतरवत होता. त्यानं कोयत्यानं मोटारीचा पट्टा तोडला. तुटलेला पट्टा चाबकासारखा आला आणि त्याचा गाल उघडा करून गेला. स्क्रू थांबला. मग मावशींचा आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही. दांडा उलटा फिरवून हात काढला तेव्हा कोपराखाली हात असा नव्हताच, हाडं आणि कापूस होता.

पुतण्या खोलीत आला. त्यानं कोयत्याची मूठ माझ्या तोंडावर घातली. दोन दात जिभेवर आले.

"थांबीव म्हणून वरडायलोत, थांबीवलं का न्हाईस?"

मिस्त्री मागून म्हणाला, "पेटीच खराब हाय यायची."

"पेटीत मीच काडी घातली," मी म्हणालो. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून सर दारात पोचले होते. त्यांनी ऐकलं. पुढचा घाव माझ्या डोक्यावर येत होता तो त्यांनी मधे पडून खांद्यावर घेतला.

मावशींचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

सरांनी मला हाकललं नाही. म्हणाले, "आधी दुरुस्त कर. रडायचं मागून." दोन ओळी खोडल्या. मुदत संपली की पाहुणा तुटणार, दुसरी संधी नाही. लाल बटण यजमान पाहुण्याची वाट न बघता, सतत बघणार. थेट वायर सरांनी स्वतः नव्यानं ओढली.

पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला मावशी आल्या. जिनिंगचा मुकादम नारळ घेऊन उभा होता.

"आधी माजं," त्या म्हणाल्या. "ते अडकणारं घाल पेटीत."

मी नुसता गरगरणारा, कधीच परत न येणारा एक पाहुणा लिहून ठेवला होता. तो घातला, मुदतही मुद्दाम लांबवून दिली. स्क्रू सुरू झाला. मावशींनी डाव्या हातानं बटण दाबलं. थांबला.

"पुन्ना."

सात-आठ वेळा झालं. मुकादम कुरकुरला, "मावशे, मुहूर्त टळायलाय."

"टळू दे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तू बोळा धर. सोडायचा न्हाई."

मी पन्हाळीत वाकलो. स्क्रूनं कापसाचं दुसरं टोक पकडलं आणि माझा हात पुढे सरकायला लागला. मी मावशींकडे बघितलं. त्या बटणावर हात ठेवून माझ्या बोटांकडे बघत होत्या. लोखंड चार बोटांवर आलं, मग दोन.

थांबलं.

मी हात बाहेर काढला. मावशींनी तो ओढून घेतला, उलटा-सुलटा केला, एकेक बोट दाबून बघितलं, आणि मुकादमाला म्हणाल्या, "फोड नारळ."