फेडर मी खाली केला नाही

परवा एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना एक गृहस्थ म्हणाले, "यांच्या हातून एकदा माईक चुकून चालू राहिला होता, त्याच या." लोक हसले. मला हसू आलं नाही. 'चुकून' हा शब्द गेली काही वर्षं माझ्या मागे लागलाय, आणि तो मला अजिबात मान्य नाही. म्हणून काय झालं ते एकदाचं लिहून टाकते.

आमचं रेडिओ केंद्र भोकरदनला, एका संस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, आणि दारावर एक लाल दिवा. माईक चालू असला की तो लागायला हवा, पण तो कधीचाच उडाला होता आणि नवा बसवायची कुणाला घाई नव्हती. जाफराबादच्या रस्त्यावरची बरीचशी गावं आम्हाला ऐकतात. ऐकतात म्हणजे मोबाईलला इयरफोनची वायर लावून. वायर कानात घालत नाहीत, खिडकीच्या गजाला नाहीतर तुरीच्या झाडाला गुंडाळतात; तीच अँटेना, म्हणजे आवाज खरखरत नाही.

सकाळी अकराचा तास माझा. आधी पेपरातल्या बातम्या, मग एखाद्या पुस्तकावर गप्पा, आणि या सगळ्याच्या मध्ये लोकांचे फोन. तज्ज्ञ कुणी नाही. एसटीची वेळ का बदलली इथपासून देश कुठे चाललाय इथपर्यंत लोक बोलतात, भांडतात, मला चार गोष्टी सुनावतात. फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही ही आमची रीत. सुरुवातीला मी नाव विचारायची, तर बाया पटकन फोन ठेवून द्यायच्या. संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या ओट्यावर येऊन बसणार आणि 'तुमची सून रेडिओवर काय बोलली' ते सासऱ्याला सांगणार, ही भीती. मग मी नाव विचारणं सोडलं. "नमस्कार, कोणत्या गावाहून बोलताय?" एवढंच विचारायला लागले, आणि फोन थांबेनात.

त्यात एक बाई होती, पिठाची गिरणी चालवणारी. गिरणी चालू असली की तिला रेडिओ ऐकू यायचा नाही, म्हणून गावची लाईट गेली की तिचा फोन ठरलेला. लाईट नसली की ती शाळेच्या कपाटातून मुलीने आणलेलं पुस्तक वाचत बसलेली असायची. सगळ्याच पुस्तकांवर तिचा राग. "ताई, ही कादंबरीतली बाई इतकी रडून का राह्यली? हिला कामधंदा न्हाई का?" असं ती मला विचारायची. मी त्या कादंबरीची बाजू घेऊन भांडायची. कधी ती हरायची, बऱ्याचदा मी. तिच्याशी भांडण झालं की माझा दिवस चांगला जायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

संस्थेचे अध्यक्ष एका गुरुवारी पाहुणे म्हणून कार्यक्रमात आले. आदल्या दिवशी मला त्यांनी खाली ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की सोमवारपासून फोन बंद. त्या वेळेत मान्यवरांची भाषणं लावायची, आधी लिहून, तपासून घेतलेली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दर्जा." मी वाद घातला. माझ्या बोलण्याला त्यांनी चहा मागवून उत्तर दिलं. श्रोत्यांना हे आपण स्वतः सांगू, म्हणाले.

तर ते आले. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. हेडफोन पुढे केला तर टोपीला हात लावून म्हणाले, "राहू द्या, चुरगळते." मग माईकवर फार गोड बोलले. श्रोते म्हणजे केंद्राचं वैभव, माता-भगिनींचा सहभाग अमूल्य, आणि आता त्यांच्याच ज्ञानात भर पडावी म्हणून हा बदल. त्यांचं झालं तसं मी एक गाणं बारीक आवाजात सुरू केलं. माझी पद्धत अशी की आधी माईकचा फेडर, म्हणजे आवाजाची ती सरकती कळ, खाली ओढायचा आणि मग गाणं मोठं करायचं. माझा हात फेडरकडे गेला होता.

तेवढ्यात ते खुर्चीत मागे रेलून बोलायला लागले. हेडफोन नाही, दिव्याचा पत्ता नाही. मला म्हणाले, "सुटलो एकदाचे. काय त्या बायांचं ऐकत बसता रोज? एकीला अक्कल न्हाई. आन ती गिरणीवाली! पुस्तकं वाचती म्हणे. तिला म्हणावं, जल्दी जल्दी पीठ दळ, गिऱ्हाईक उभं ऱ्हायलं."

माझा हात फेडरवर होता. तो मी उचलून मांडीवर ठेवला. हे एवढंच. यात चूक कुठे आहे? एक शब्द माईकसाठी आणि दुसरा शब्द माझ्यासाठी, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांना दुसरा शब्दही ऐकायचा हक्क होता. कुणी म्हणेल, हा विश्वासघात झाला. म्हणू दे. त्यांचं गुपित सांभाळायला मी तिथे बसले नव्हते.

गाणं संपायच्या आधीच फोन वाजला. मी स्पीकरवर घेतला आणि नेहमीचं विचारलं. गिरणीवालीच होती. एरवी ती गाव सांगायची, पण त्या दिवशी सांगितलं नाही.

"साहेब हायत का तिथं? त्यांना म्हणा, आम्ही समद्यांनी ऐकलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "साहेब, लाईट न्हाई. आली की दळते. तवर बोलू द्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग फेडरकडे. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते बाहेर गेले. तिने पुढे नव्या पुस्तकावर बोलायला सुरुवात केली, आणि तेही तिला आवडलेलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि तिच्याशी भांडायचंही होतं. मी भांडले.

सोमवारी स्टुडिओत गेले तर फोन नव्हता. वायरसकट काढून नेला होता, टेबलावर त्याच्या जागी धुळीत चौकोन राहिला होता. शेजारी टाईप केलेला कागद. तांत्रिक बिघाडामुळे गुरुवारी काही संभाषण चुकून प्रसारित झालं, त्याबद्दल निवेदिका दिलगीर आहे, आणि आजपासून फोन बंद. हे अकराला वाचायचं, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असा निरोप शिपायाने तोंडी दिला. तो बिचारा निरोप देतानाही खाली बघत होता.

घरून निघताना मी काही ठरवलं नव्हतं. तो धुळीतला चौकोन पाहिला आणि ठरलं. यांनी आमचं तोंड बंद करायचं आणि वर त्याची माफी माझ्याच तोंडून मागवायची? कागदाची मी घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

अकरा वाजता फेडर वर केला. "गुरुवारी काहीही बिघडलं नव्हतं," मी म्हणाले. "माईक चालू होता, कारण मी तो बंद केला नाही. आता इथला फोन काढून नेलाय. पण माझा मोबाईल आहे." मग माझा नंबर सावकाश, दोनदा सांगितला, मोबाईल स्पीकरवर टाकला आणि माईकसमोर ठेवला. भीती नव्हती असं कशाला म्हणू, पुष्कळ होती.

फोन लगेच वाजला. नंबर मला पाठ होता, खालच्या मजल्यावरचा, अध्यक्षांचा. मी उचलला.

"बंद करा ते! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"नमस्कार," मी म्हणाले. "कोणत्या गावाहून बोलताय?"

पलीकडे श्वास ऐकू आला, फक्त श्वास, आणि तो सगळ्या गावांनी ऐकला. मग फोन कट झाला. मी मोबाईल खाली ठेवतेय तोवर पुन्हा वाजला, आणि तो लाईट गेलेल्या गावातून होता.